.३२ ची रिव्हॉल्व्हर घेताय? काडतुसाचा डबा आधी वाचा

कांदा-द्राक्षाच्या रोख व्यवहारामुळे नाशिककडच्या काही व्यापाऱ्यांकडे लायसन्सची रिव्हॉल्व्हर असते, आणि घोळ होतो तो गोळ्या घेताना, कारण ".३२" नावाची काडतुसं किमान दोन वेगळी असतात.

१. रिव्हॉल्व्हरला '.३२ एस अँड डब्ल्यू लाँग' लागतं. '.३२ एसीपी' म्हणजेच ७.६५ एमएम, हे मॅगझिनवाल्या पिस्तुलाचं. एसीपीची केस (काडतुसाची धातूची नळी) साधारण १७ मिमी, लाँगची २३ मिमी, शेजारी ठेवली की लगेच कळतं. आखूड एसीपी बऱ्याचदा रिव्हॉल्व्हरच्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या गोळीच्या भोकात) बसतं सुद्धा, पण त्याचं प्रेशर जास्त असतं म्हणून "बसतंय ना, चालेल" असं कोणी म्हटलं तरी अजिबात ऐकू नका. बॅरलवर काय कोरलंय आणि डब्यावर काय छापलंय ते अक्षर न् अक्षर जुळवा.

२. वजनाला हलकी तेवढी बाळगायला बरी वाटते, पण झटका जास्त देते. कानपूरला बनणारी 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर साधारण ५०० ग्रॅमची, सहा गोळ्यांची, माझ्या मते याच्या खाली जायची गरज नाही. दुकानात रिकामी करून घ्या, स्वतः सिलिंडर उघडून बघा, मग हातात धरून ट्रिगरपर्यंत बोट आरामात पोचतं का आणि हात न हलता ट्रिगर पूर्ण दाबता येतो का ते पाहा.

३. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारंच घ्या, नुसती खिशात टाकून फिरू नका.

आणि हो, निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस येऊ शकते, आली की लगेच जमा करा आणि पावती जपून ठेवा.