पिकअपची स्टेपनी बदलताना: आधी नट, मग जॅक

सोयाबीन निघालं की आमच्याकडच्या पिकअपला दम नसतो. शेतातून घर, घरून लातूरचा मोंढा, परत येताना कुणाची पेंड तर कुणाचे पत्रे. अशा धावपळीत चाक बसतं ते नेमकं भरल्या गाडीचं. चाक बदलणं तसं अवघड नाही. जोर लागतो तो फार तर नट ढिले करताना. फजिती होते ती क्रम चुकल्यामुळं. गाडी उचलून झाल्यावर कळतं की नट हलत नाहीत, अन् जुनं चाक काढून झाल्यावर कळतं की स्टेपनीतही हवा नाही. म्हणून पुढं सांगतोय ते शक्यतो त्याच ओळीनं करा.

हे सगळं मागं कमानपाटे (स्प्रिंगचं काम करणारे वाकवलेले लोखंडी पाटे) असलेल्या नेहमीच्या मालवाहू पिकअपसाठी आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जॅकची जागा वेगळी दाखवली असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

गाडी कुठं थांबवायची

मागचं चाक बसलं की हौदा डोलायला लागतो, पुढचं बसलं की स्टेअरिंग एका अंगाला ओढतं. दोन्ही वेळा पाय आपसूक ब्रेकवर जातो, अन् तेवढंच करायचं नसतं. रेस सोडा, स्टेअरिंग घट्ट धरा, वेग आपोआप कमी होऊ द्या. गाडी ताब्यात आली की मग हलकेच ब्रेक.

आता जागा. ती सपाट हवी अन् कडक हवी. आपल्याकडं घोडं पेंड खातं ते इथंच. डांबराच्या कडेची काळी माती वरून वाळलेली दिसते, खपली धरलेली असते, पण आत लोणी. तिच्यावर जॅक ठेवला की भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा रुतत जातो, अन् गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो. त्यात तो तिरपा झाला की संपलं. म्हणून कडक जागेसाठी शे-दोनशे मीटर रांगत जावं लागलं तरी जा. त्याहून जास्त मात्र ओढू नका. बसलेल्या टायरवर भरली गाडी पळवली की रिमची धार टायरची बगल कापते, आतल्या ट्यूबचा चुरा होतो, आणि साध्या पंक्चरवर भागणारं काम नव्या टायरवर जातं.

माझ्या सीटमागं कायम बाभळीची एक फळी असते, फूटभर लांब-रुंद आणि दोन इंच जाड. जॅकखाली ती टाकली की वजन पसरतं. सुताराकडच्या तुकड्यात होऊन जाते. पिकअपवाल्यानं गाडीत देवाचा फोटो लावला की दुसरी वस्तू ही फळी ठेवावी.

धुळे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ किंवा जालन्याजवळून जाणारा समृद्धी, अशा रस्त्यांवर गोष्ट वेगळी. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. रहदारीकडच्या बाजूचं चाक बसलं असेल आणि गाडी पुरेशी कडेला घेता येत नसेल, तर पाना हातात घेऊच नका. सगळ्यांना उतरवून रेलिंगच्या पलीकडं उभं करा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर लागतो, जिवावर बेतणारं काही असेल तर ११२ कुठूनही.

बाकी ठिकाणी चारही इंडिकेटर चालू ठेवा आणि लाल त्रिकोण निदान पन्नास पावलं मागं ठेवा. मोठ्या रस्त्यावर आणखी लांब. त्रिकोण नसला की आपली माणसं फांद्या अन् दगड मांडतात. मांडा, पण निघताना उचला. काम झाल्यावर तेच दगड रस्त्यात सोडून जाणाऱ्यांना काय म्हणावं! रात्री त्यावर मोटारसायकल येते.

गियरवर भरवसा ठेवू नका

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये टाका. उताराकडं तोंड असेल तर रिव्हर्समध्ये. इंजिन बंद. बहुतेक जण इथं थांबतात, आणि इथंच चूक होते.

पिकअपची ओढ मागच्या चाकांना असते आणि दोन्ही चाकांच्या मधे डिफरन्शियल असतो. त्याचं कामच असं, की एक चाक अडलं तरी दुसऱ्याला फिरू द्यायचं. मागचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, आणि जमिनीवरच्या चाकालाही गियर धरून ठेवू शकत नाही. राहता राहिला हँडब्रेक. तो बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो, म्हणजे आता जमिनीवरच्या एकाच चाकावर भिस्त. आणि माल वाहणाऱ्या गाडीचा हँडब्रेक किती घट्ट असतो, हे ज्याचं त्याला माहीत.

म्हणून दगड. मागचं डावं चाक काढायचं असेल तर पुढच्या उजव्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा, जमलं तर पुढच्या डाव्यालाही. डोक्याएवढा, कोपऱ्याचा दगड घ्या. गोटा घेऊ नका, तो सरकतो.

माणसं खाली उतरवा. माल जड असेल तर बसलेल्या बाजूचे आठ-दहा कट्टे खाली घ्या किंवा दुसऱ्या बाजूला सरकवा. जॅकवर तो किती टनांचा ते लिहिलेलं असतं, तेवढ्याच्याच भरवशावर राहा. हे सगळं गाडी उचलायच्या आधी. गाडी जॅकवर असताना हौद्यात कुणीही चढायचं नाही, ‘एवढी दोरी काढतो’ म्हणणारासुद्धा.

स्टेपनी उतरवा आणि दाबून बघा

बऱ्याच पिकअपची स्टेपनी हौद्याखाली मागच्या बाजूला चेनवर किंवा तारेवर लटकलेली असते. मागच्या फाळक्याखालच्या भोकातून लांब टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालायची आणि फिरवत स्टेपनी जमिनीवर सोडायची. काही गाड्यांना नट-बोल्टची साधी बैठक असते. कुठलीही असली तरी स्टेपनी आधी बाहेर काढा, जॅक नंतर. उचललेल्या गाडीखाली सरपटत जाऊन स्टेपनी ओढणं म्हणजे आगीशी खेळ.

बाहेर आली की अंगठ्यानं दाबून पाहू नका, ट्रकच्या कडक टायरला अंगठ्यानं काही कळत नाही. उभी करून दोन हातांनी पूर्ण जोर द्या, किंवा हवा मोजायचं छोटं मीटर ठेवा. मी हे पैसे मोजून शिकलो. केजच्या अलीकडं रात्री अकरा वाजता टोमॅटो भरलेली गाडी, मागचं चाक बसलेलं. अर्ध्या तासात चाक काढलं, स्टेपनी चढवली, जॅक सोडला, तर स्टेपनीही त्याच इमानदारीनं खाली बसली. वर्षभर तिच्याकडं बघितलंच नव्हतं. पहाटे चारला दूधगाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, चाक टाका मागं अन् बसा पुढं.” टोमॅटो मोंढ्यात पोचेपर्यंत भाव उतरलेला.

नट जमिनीवरच ढिले करा

चाक जमिनीला टेकलेलं असतं तोवर ते फिरत नाही. हवेत गेलं की पान्याबरोबर तेही फिरतं, शिवाय झटक्यानं गाडी जॅकवरून सरकू शकते. म्हणून गाडी उचलायच्या आधी प्रत्येक नट अर्धा-पाऊण फेरा ढिला करा, पूर्ण काढू नका. फिरवायची दिशा घड्याळाच्या उलटी.

गाडीबरोबर मिळणारा पाना आखूड असतो. दोन-अडीच फुटांचा लोखंडी पाइप जवळ ठेवा आणि पान्यात अडकवा, जोर निम्म्यावर येतो. पान्याचा दांडा आडवा राहील असा डावीकडं लावा आणि वरून खाली दाबा, वर ओढू नका, कंबर धरते. गंजलेल्या नटावर डिझेल किंवा गंज सोडवायचं तेल टाका आणि पाच मिनिटं तंबाखू मळा. तो पाइप मात्र फक्त ढिलं करायला. घट्ट करताना लावला की स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणतो, आणि पुढच्या वेळी तुटून हातात येतो.

जॅक

मागच्या चाकासाठी जॅक एक्सलच्या हाउसिंगखाली, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड लोखंडी नळीखाली, कमानपाट्यांच्या यू-बोल्टजवळ. चेसिसखाली लावला तर आधी पाटे उलगडेपर्यंत नुसती चेसिस वर जात राहते, चाक जागचं हलत नाही, आणि जॅकची उंची संपते. हाउसिंगखाली लावला की थोड्या पंपात चाक सुटतं. मधला डिफरन्शियलचा गोळा, इंजिनाचा ऑइल चेंबर, हौद्याची कड, या जागा जॅकच्या नाहीत. पुढच्या चाकाची जागा गाडीगणिक बदलते, ती पुस्तिकेत बघून आधीच खडूनं खूण करून ठेवा.

बाटली जॅक असेल तर तळाचा छोटा व्हॉल्व्ह टॉमीच्या खाचेनं घड्याळाच्या दिशेनं बंद करा. वरचा स्क्रू हातानं फिरवून हाउसिंगला टेकवा, मग पंप. काढलेली स्टेपनी चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, तुमच्या पायावर नाही. बसलेलं टायर जमिनीपासून सुटलं की आणखी दोन-तीन इंच उचला. हवा भरलेलं चाक त्याच्याहून मोठं असतं, ही गोष्ट चाक चढवतानाच आठवते.

चाक काढणं आणि चढवणं

नट काढून टोपीत ठेवा, मातीत ठेवू नका. एकेक दाणा आट्यात शिरला की नट अर्ध्यात अडकतो आणि तुम्हाला वाटतं तो घट्ट झाला. चाक हबला गंजून चिकटलं असेल तर टायरच्या बगलेवर आलटून पालटून टाच मारा. हातोडा रिमवर नको.

चाक निघालं की ते चेसिसखाली टाका आणि स्टेपनी बाहेर घ्या. हबचा चिखल, गंज गोणपाटानं पुसा. भरलेलं चाक कमरेनं उचलायचं नाही. समोर खाली बसा, टायरखाली टॉमी घाला, पायानं दाबा, चाक वर येतं आणि भोकं स्टडसमोर आणता येतात.

नटांची एक बाजू निमुळती असते, ती चाकाकडं. उलटा लावलेला नट घट्ट वाटतो, पण चाक मध्यभागी धरत नाही आणि पाच-पन्नास किलोमीटरवर वाजायला लागतं. सगळे नट आधी बोटांनी फिरवा, मग पान्यानं हलके बसवा. पाच नट असतील तर एक सोडून एक, सहा असतील तर समोरासमोर. शेजारचे दोन पाठोपाठ आवळले की चाक तिरपं बसतं. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, त्यानं नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

खालचं चाक बाहेर काढा, जॅकचा व्हॉल्व्ह हळू सोडा, गाडी जमिनीवर आली की त्याच क्रमानं पक्के आवळा. चाळीस-पन्नास किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा पुन्हा एकदा पाना फिरवा. हटकून एखादा नट थोडा फिरतोच.

बसलेलं चाक स्टेपनीच्या जागी चढवताना चेन पूर्ण ताणून घ्या. ढिलं राहिलेलं चाक खड्ड्यागणिक आपटतं, तार घासते, आणि एक दिवस तुमची स्टेपनी मागच्या गाडीपुढं पडते.

स्टेपनीचं टायर कधी बदलायचं

पंक्चर त्याच दिवशी काढा. दुकानदाराला टायरच्या आतून हात फिरवायला सांगा. बाभळीचा काटा किंवा तुरीचं धसकट बाहेर कापल्यासारखं दिसतं, पण टोक आत राहतं आणि नवी ट्यूब आठवड्यात जाते. छिद्र टायरच्या पायाला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, असेल तर दुरुस्ती होते, बगलेला चीर असेल तर ते टायर गेलं. कुणी आतून तुकडा लावून देतो म्हणेल, नको म्हणा.

टायरच्या बगलेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २२१९ म्हणजे २०१९ सालचा २२ वा आठवडा. स्टेपनी पळत नाही म्हणून नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं होतच असतं. आमच्या उन्हाळ्यात तर लवकरच. बगलेवर बारीक भेगांचं जाळं दिसलं की नक्षीच्या मोहात पडू नका. पळणाऱ्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की नक्षीच्या खाचांतल्या छोट्या उंचवट्यांशी ती समपातळीत दिसते. तिथं टायरची मुदत संपली.

नवं घेताना माप तंतोतंत तेच आणि भार पेलायची क्षमताही तीच घ्या. कारचं टायर त्याच मापात बसलं तरी दीड टन मालाखाली टिकत नाही. मी नवं टायर स्टेपनीला ठेवत नाही. ते चालतं करतो आणि चालत्यातलं बरं असलेलं खाली लटकवतो. त्यामुळं पाचही टायर वापरात राहतात. स्टेपनीत हवा कायम मागच्या भरल्या चाकाइतकी, कारण कमी करणं रस्त्यावर जमतं, भरणं जमत नाही. आणि पंपावर चार चाकांची हवा बघणाऱ्या पोराला पाचव्यासाठी तुम्हीच वाकून सांगा, तो आपण होऊन हौद्याखाली जात नाही.