कॉफीच्या बिया घरी दळताय? या चुका टाळा

घरी दळलेली कॉफी बिघडली की पहिला संशय बियांवर जातो. मग बिया बदलून होतात, कमी भाजलेल्या, जास्त भाजलेल्या, आणि कप जसा होता तसाच राहतो. बहुतेक वेळा घोळ दळणात असतो. पूड पुरेशी बारीक झाली नाही, असं वाटून आपण ती आणखी फिरवतो, पण खरी अडचण ती एकसारखी झालेली नसते ही आहे.

एकदा तपासून बघा. पात्याच्या ग्राइंडरमध्ये बिया फिरवा, चमचाभर पूड पांढऱ्या कागदावर पसरा आणि कागदाला खालून टिचकी मारा. बीचे अर्धेमुर्धे तुकडे, साखरेएवढे कण आणि बोटाला चिकटणारी धूळ, सगळं एकाच चमच्यात सापडेल. धुळीतून पाणी झटकन सगळं ओढून घेतं, अगदी कडवटपणासकट. जाड तुकड्यांच्या पोटापर्यंत मात्र ते पोचत नाही, तिथून आंबटपणा तेवढा उतरतो. म्हणून कॉफी एकाच वेळी कडूही लागते आणि आंबटही. ग्राइंडर आणखी फिरवला तर तुकडे कमी होतील, पण धूळ त्याहून वाढेल. पातं दळत नाही, समोर येईल ते तोडत सुटतं.

बर ग्राइंडरचं काम जात्यासारखं. बर म्हणजे आतले बिया भरडणारे दातेरी भाग. अशा दोन बरांमधलं अंतर आपण ठरवायचं, त्याहून जाड तुकडा खाली पडत नाही. धूळ त्यातही निघते, पण बरीच कमी. माझं मत विचाराल तर हाताने फिरवायचा बर ग्राइंडर विजेवरच्या पात्याच्या ग्राइंडरपेक्षा केव्हाही उजवा. हात दुखतो, हे खरं. पातंच वापरायचं असेल तर एका वेळी थोड्याच बिया घ्या, बटण 2-3 सेकंदच दाबा, सोडा, भांडं हलवा, पुन्हा दाबा. शेवटी बारीक चाळणीने धूळ काढून टाका. थोडी कॉफी वाया जाते, पण कपातला फरक पहिल्या घोटाला कळतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्याला एकच दळण. पाणी पुडीशी किती वेळ राहणार, त्यावर जाडी ठरते. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे दट्ट्याच्या भांड्यात, पूड चार मिनिटं भिजते, तिला खडे मिठासारखी भरड हवी. पोर-ओव्हरला, म्हणजे फिल्टरमधल्या पुडीवर वरून पाणी ओतून करतात त्या कॉफीला, जाडसर वाळूसारखी; गॅसवर ठेवायच्या मोका पॉटला बारीक मिठाएवढी. मशीनच्या दाबाने काढलेली एस्प्रेसो 25 ते 30 सेकंदांत उतरते, म्हणून तिची पूड आणखी बारीक, चिमटीत दाबली तर जेमतेम रवाळ लागणारी. टर्किश कॉफीला वस्त्रगाळच. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर आपला ग्राइंडर लावू नका. त्याचा 15 आणि तुमचा 15 यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

चव जुळवताना एका वेळी एकच गोष्ट बदला. 250 मिली पाण्याला 15 ग्रॅम बिया, तोलून, रोज तेवढ्याच. कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर एक टप्पा बारीक करा. कडू, जीभ ओढणारी लागली तर एक टप्पा जाड. पोर-ओव्हरमध्ये नेहमी तीन मिनिटांत उतरणारं पाणी सहा मिनिटं तुंबून राहिलं तर चव बघायचीही गरज नाही, दळण फार बारीक झालंय. बियांचं नवं पाकीट फोडलं की हा खेळ पुन्हा. कमी भाजलेल्या बिया टणक असतात, जास्त भाजलेल्या ठिसूळ, त्यामुळे जुनं सेटिंग त्यांना चालेलच असं नाही.

सेटिंग बदलण्याचीही एक रीत आहे, ती मी ग्राइंडर अडकवून शिकलो. आत बिया असतानाच जाडी ठरवायची चकती आवळली, दाणे बरांच्या मध्ये चेपले आणि दांडा जागचा हलेना. सगळं उघडून टूथपिकने भुगा कोरत बसलो. बारीककडे जायचं तर ग्राइंडर रिकामा करून, किंवा मोटर चालू ठेवून. जाडकडे केव्हाही फिरवा.

आठवड्याचं दळण एकदम करून ठेवू नका. पूड झाली की वास काही मिनिटांतच उडायला लागतो, अख्ख्या बिया त्या मानाने खूप टिकतात. फ्रीझरला मात्र लोक उगाच घाबरतात. एकेका वेळच्या बिया वेगळ्या हवाबंद पुड्यांत ठेवा, हवी ती पुडी काढा आणि गार असतानाच दळा. थंड बियांचं दळण बारीक आणि जास्त एकसारखं होतं, असं 2016 मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्स या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं होतं. बिघडतं ते मोठं पाकीट रोज बाहेर काढून उघडल्याने. गार बियांवर हवेतलं पाणी धरतं आणि तेच परत आत जातं.

पूड उडून भांड्याला, ओट्याला चिकटत असेल तर दळण्याआधी ओल्या चमच्याने बिया एकदा ढवळा. तेवढा ओलावा पुरतो, जास्त झाला तर पोलादी बर गंजतात. त्याच कारणाने ते पाण्याखाली धुऊ नका. तांदूळ घालून साफ करायचा सल्लाही टाळा, कोरडा तांदूळ टणक असतो आणि मोटरवर ताण येतो. कोरडा ब्रश पुरे. तो आत फिरवून निघालेला भुगा हुंगून बघा. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर तोच वास रोज तुमच्या पहिल्या कपात उतरतोय. साफ केल्यावर दोन-चार बिया दळून फेकून द्या, मगच कपासाठी दळा.