घरच्या घरी चिली: बेस पक्का ठेवा, बाकी हवं ते बदला

चिली म्हणजे इथे चायनीजच्या गाडीवरचं चिली पनीर नाही, टेक्ससवालं चिली. लाल मिरच्यांच्या दाट रश्श्यात तासभर मंद शिजलेलं मांस. १९७७ पासून ती टेक्ससची अधिकृत स्टेट डिश आहे आणि तिथले कट्टर लोक त्यात राजमा पडला की चिली मानतच नाहीत, पण बाकी अमेरिकेत राजमा बिनधास्त घालतात आणि मलाही राजमा घातलेलंच आवडतं.

सगळी चव मिरचीत आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच. तिकडे आंचो वगैरे सुक्या मिरच्या वापरतात, रंगाला गडद, तिखटाला कमी. आपल्याकडे त्याला जवळची म्हणजे ब्याडगी. चार माणसांसाठी ७-८ ब्याडगी आणि तिखट हवं असेल तर १-२ लवंगी घ्या, देठ-बिया काढा, तव्यावर अगदी अर्धा मिनिट परता (काळी पडली की कडू होते, मग ती टाकूनच द्या), गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि गंधासारखी बारीक वाटा. डब्यातलं लाल तिखट वापरून पण होतं, पण ती गोडसर खोल चव येत नाही, म्हणून एवढा खटाटोप कराच.

राजमा एक वाटी, रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला पूर्ण मऊ करून घ्या. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये कधीच टाकू नका, त्यातलं विषारी द्रव्य नीट उकळल्याशिवाय जात नाही आणि पोटाचे फार हाल होतात. टोमॅटोसुद्धा राजमा शिजल्यावरच, आंबटात तो लवकर मऊ होत नाही.

आता जाड बुडाचं पातेलं. अर्धा किलो मटण खिमा मोठ्या आचेवर परता, पाणी सुटेल, ते आटू द्या, आणि खिमा बुडाला लागून तांबूस व्हायला लागला की मगच काढा, घाई केली तर उकडलेला लागतो. त्याच पातेल्यात तेल, २ कांदे, ७-८ लसूण पाकळ्या, दीड चमचा जिरेपूड, मग मिरचीचं वाटण तेल सुटेपर्यंत. ३ टोमॅटो, खिमा, मीठ, दोन-अडीच वाट्या पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास, त्यानंतर राजमा घालून अजून २० मिनिटं. दाटपणासाठी चमचाभर मक्याचं पीठ पाण्यात कालवून घाला, शेवटी लिंबू. ओरेगॅनो असेल तर चमचाभर, पण पिझ्झासोबतच्या पाकिटात मीठही असतं ते लक्षात ठेवून. गरम मसाला, गोडा मसाला, खोबरं मात्र नको, ते पडलं की जिरं-मिरची मागे पडते आणि आपली नेहमीची भाजीच तयार होते.

हा बेस जमला की प्रयोग करायला मजा येते, फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशामुळे काय झालं ते कळतं. पाण्यातलं अर्धी वाटी कमी करून तेवढी काळी कॉफी, किंवा चमचाभर बिनसाखरेचा कोको, दोन्हीने रस्सा गडद आणि भारदस्त होतो. दालचिनी-लवंग चिमूटभर घालून स्पगेटीवर वाढलं, वरून चीज किसलं की झालं अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातलं चिली, १९२० च्या दशकात मॅसिडोनियाहून आलेल्या लोकांनी तिथे सुरू केलेलं. शाकाहारी करायचं तर सोया ग्रॅन्युल्स भिजवून घट्ट पिळा आणि खिम्यासारखेच खरपूस परता, सोबत मशरूम असतील तर उत्तमच. काळे चणेही छान लागतात, मटकी मात्र नको, ती सरळ उसळीकडे जाते.

दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते म्हणून थोडं जास्तच करा. उरलेलं ज्वारीच्या भाकरीसोबत खा, उकडलेला बटाटा फोडून त्यावर घाला, किंवा कढईत गरम करून त्यात दोन अंडी फोडून झाकण ठेवा, पाच-सात मिनिटांत रात्रीचं जेवण तयार. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर गार झाल्या झाल्या छोट्या डब्यांत भरून फ्रीजरला टाका, एकदा वितळवलं की परत गोठवू नका.