ओढ्यावर कविता लिहायची असंल तर आधी वाळूत हात घाला

जीवन म्हणजे वाहती सरिता, असली एक तरी कविता दर आठवड्याला व्हॉट्सअपवर येतीच. खळखळ, निर्मळ, मंजुळ, आणि सागराला मिळालं की संपली. मी बी अकरावीत अशीच लिहिली होती, घरी मोठ्यानं वाचली तर आजी म्हणली, "कोण्या गावचा रं ह्यो ओढा? आपला तर संक्रातीलाच आटतोय."

तर पहिलं काम हेच, ओढा कोणता ते ठरवा. ज्यात तुम्ही पाय घातलाय असा. मराठवाड्यात बारमाही ओढा शोधून सापडत नाही, मग कवितेत तो कुठून आणायलेत? बीडची बिंदुसरा बघा, उन्हाळ्यात नुसते गोटे, आणि १९८९ च्या जुलैत तीच शहरात घुसली न् माणसं घेऊन गेली. मांजरा बालाघाटात उगम पावती, तिच्या धरणावर लातूर पाणी पितं, आणि २०१६ च्या एप्रिलात त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसाचं आयुष्य असंच नसतं का, चार महिने भरून आणि आठ महिने आठवणीवर?

आणि ते सागराचं जरा जपून. आपलं बहुतेक पाणी शेवटी गोदावरीत, न् गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराला जाती. तिला सागराला मिळवता मिळवता त्याच ओळीत समोर सूर्यास्त टाकणारे कवी मी पाह्यलेत, म्हणून सांगायलोय. बाकी आपला ओढा बऱ्याचदा पुढच्या केटीवेअरलाच, म्हणजे छोट्या बंधाऱ्यालाच अडतो, ते लिहा की, त्यात काय कमीपणाय.

आता खरी मेख. "आयुष्य ओढ्यासारखं" म्हणलं की झाली उपमा, "आयुष्य हा ओढाच" म्हणलं की रूपक, पण ओढ्याबद्दलच बोलत राहिलं आणि वाचणाऱ्याला आपोआप माणूस दिसला तर ती अन्योक्ती, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात भारी. म्हणून कविता झाली की आयुष्य, जीवन, प्रवास हे तिन्ही शब्द खोडून बघा. उभी राहिली तर ठेवा. पडली तर तुम्ही ओढा नीट पाह्यलाच नाही.

पाहायचं म्हणजे कसं? मार्चमधे जा. वरून सगळं कोरडं, वाळू चटके देती. हातभर उकरा, वाळू गार लागंल, अजून उकरलं की दमट, मग कडंनं बारीक पाझर सुरू होतो. पहिलं पाणी गढूळ येतं, ते वाटीनं उपसून फेकायचं, थांबायचं, परत भरलं की फेकायचं, तिसऱ्या-चौथ्या वेळंला नितळ येतं मग घागरीत ओतायचं. आमच्याकडं बायका झिऱ्याजवळ अशा तासन् तास बसायच्या. दुःख, धीर, म्हातारपण, जे सांगायचंय ते सगळं या वाटीत बसतं, वेगळी फोड करायची गरज नाही.

छंद जमत नसंल तर अष्टाक्षरी घ्या, ओळीत आठ अक्षरं, बोटावर मोजता येतात, जोडाक्षर एकच धरायचं:

ओढा आटला तरीही
वाळू ओली हाताखाली
वाटी वाटीनं घागर
आई भरून निघाली

लई थोर नाही, पण खळखळ नाही त्यात. मुक्तछंद बी चालतो, फक्त मोजायचं नाही म्हणून वाट्टेल तेवढं लांबवू नका.

हे चार ओळींचं मी परवा आजीला वाचून दाखवलं. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणली, "पुलाखालचा झिरा न्हवं का ह्यो? करंजीपाशी?"