‘रिस्पेक्टिव्हली’ वापरताना या चुका टाळा

ऑफिसचा रिपोर्ट असो, प्रयोगाचं जर्नल असो की थिसिस, इंग्रजीत लिहायला बसलं की ‘रिस्पेक्टिव्हली’ हटकून येतो. काम आपल्या ‘अनुक्रमे’चंच: पहिल्या यादीतलं पहिलं दुसऱ्या यादीतल्या पहिल्याशी जोडायचं, दुसरं दुसऱ्याशी. एवढं सोपं असूनही तो फार चुकतो, कारण पुष्कळदा तो नुसता वाक्य भारदस्त दिसावं म्हणून चिकटवलेला असतो.

सगळ्यात घातक चूक क्रमाची. हे वाक्य बघा: ‘द गोदावरी, द कृष्णा अँड द भीमा राइज ॲट त्र्यंबकेश्वर, महाबळेश्वर अँड भीमाशंकर, रिस्पेक्टिव्हली.’ अगदी बरोबर. आता कुणीतरी नद्या एबीसीडीप्रमाणे लावल्या, भीमा पहिली आली, आणि उगमांना हात लावायचा राहून गेला. झालं! भीमेचा उगम त्र्यंबकेश्वरला, गोदावरीचा महाबळेश्वरला. व्याकरण शाबूत, स्पेलिंग ठीक, त्यामुळे स्पेलचेकची लाल रेघही नाही. अशी चूक छापून जाते आणि पुढे लोक तीच उतरवून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा यादीत एक जरी नाव हललं, तरी दोन्हीकडे बोट ठेवून जोड्या पुन्हा लावून बघा.

बोट ठेवलं की संख्येची चूकही सापडते. ‘सोडियम, पोटॅशियम अँड कॅल्शियम’ लिहून पुढे ११ आणि १९ एवढेच अणुक्रमांक दिले, तर कॅल्शियमचा २० गेला कुठे? नावातच ‘अँड’ असेल तर जास्त जपा. ‘ब्रेड अँड बटर’ हा मेन्यूत एक पदार्थ आहे की दोन, हे वाचणाऱ्याला कळलं नाही तर पुढचे सगळे दर एकेका घराने सरकतात.

जोड्याच नसतील तर हा शब्द नको. ‘माय ब्रदर अँड सिस्टर लिव्ह इन पुणे, रिस्पेक्टिव्हली’ यात दोघांचं गाव एकच, मग जुळवायचं काय? ‘वी व्हिजिटेड सांगली अँड कोल्हापूर रिस्पेक्टिव्हली’ हेही चूक. आधी सांगली, मग कोल्हापूर असं म्हणायचं असेल तर ‘इन दॅट ऑर्डर’ लिहा.

जागेचं थोडक्यात: मराठीत ‘अनुक्रमे’ दुसऱ्या यादीच्या आधी येतो, इंग्रजीत ‘रिस्पेक्टिव्हली’ बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, आधी स्वल्पविराम देऊन. आधी घातला तर चूक नाही, पण वाक्याची सुरुवात त्याने करू नका.

‘ज्याच्या त्याच्या’ अशा अर्थी ‘रिस्पेक्टिव्ह’ लागतो: ‘द स्टुडंट्स वेंट टू देअर रिस्पेक्टिव्ह क्लासरूम्स.’ अर्जाच्या शेवटी मात्र ‘युवर्स रिस्पेक्टफुली’, तिथे ‘रिस्पेक्टिव्हली’ कधीच नाही.

आणि यादी चार-पाचांच्या पुढे गेली की हा शब्द सोडूनच द्या. सातवं नाव कुठल्या आकड्याचं, हे शोधायला वाचणाऱ्याला दर वेळी मागे जाऊन मोजावं लागतं. सरळ दोन रकान्यांचा तक्ता करा. दोनच जोड्या असतील तर स्वतंत्र लिहा: ‘सोडियम हॅज ॲटॉमिक नंबर ११, अँड पोटॅशियम, १९.’