पावसाआधी मागचा चिमटा खोलायचाय? आधी एवढं जमवून ठेवा

आपल्याकडे किनाऱ्यावर जुन्या मोटरसायकलच्या चिमट्याचे (मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दुहाती लोखंडी भाग, म्हणजे स्विंगआर्म) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यात बसणाऱ्या नळ्या, बदलायला तासभर लागतो आणि चिमट्याचा बोल्ट बाहेर काढायला दोन दिवस, हे आधी डोक्यात पक्कं करा म्हणजे बाकीची तयारी आपोआप बरोबर होते. घाटावर तोच बोल्ट नट काढून चार टोले दिले की बऱ्याचदा निघून येतो, इथे रत्नागिरी-मालवणाकडे वर्षानुवर्षं खारी हवा, जूनपासून चार महिने जांभ्याचा लाल चिखल, आणि बंदराच्या रस्त्याला असाल तर मच्छीच्या टेम्पोतून गळणारं खारं पाणी मागचं चाक सरळ त्या सांध्यावर उडवतं. म्हणून हे काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, मृगाची वाट बघू नका, कारण पावसात उघडं पडलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं आणि मग साफ केलेलं परत साफ करा.

पार्ट मागवायच्या आधी दुखणं कुठलं ते बघून घ्या. गाडी डबल स्टँडवर, चाक हवेत, आणि चिमट्याचं टोक चाकाच्या एक्सलजवळ हातात धरून आडवं डावी-उजवीकडे हलवा. टोक हलतंय आणि पुढे फुटरेस्टजवळच्या सांध्यात टकटक जाणवतेय तर चिमट्याचे बुश गेले. चिमटा जागेवर आणि फक्त चाक वर-खाली धरून हलवल्यावर डुगडुगतंय तर चाकाचे बेअरिंग. माझ्या गाडीला वळणात मागून कुणी ढकलल्यासारखं व्हायचं, मी आधी टायर बदलला, नंतर शॉकॉब्सरचे बुश, आणि चिमटा शेवटी बघितला, तो पैसा फुकट गेला. म्हणून ही दोन मिनिटांची तपासणी सगळ्यात आधी.

आता बोल्ट. काम शनिवारी धरलं असेल तर बुधवारपासून रोज रात्री दोन्ही टोकांना रस्ट स्प्रे (गंज सोडवणारं तेल) मारायला सुरुवात करा, नट थोडा सैल करून, म्हणजे तेल आत शिरायला जागा मिळते. गंज नटापाशी थोडाच असतो, खरी पकड आत असते, बुशच्या आतली लोखंडी नळी आणि बोल्ट एकमेकांना चिकटून एक होतात. माझा निघालेला बोल्ट मी अजून ठेवलाय: दोन्ही टोकांना बोटभर भाग चकचकीत आणि मधे सगळा खाल्लेला, खरवडला की जांभ्याची भुकटी पडावी तशी लाल पूड पडते, जाडी हाताला सुद्धा कमी लागते. असा बोल्ट परत घालायचा नसतो, म्हणून नवा बोल्ट, नवा नट आणि वॉशर हे बुशच्या सोबतच घेऊन ठेवा, जुना चांगला निघाला तरी. ठोकताना नट आट्यांच्या टोकाशी बरोबर लेव्हलला ठेवून त्यावर ठोका, नाहीतर आटे चेपतात आणि बोल्ट चेसिसच्या भोकातून जाईनासाच होतो. तरी नाही निघाला तर चिमटा आणि चेसिसच्या फटीत हॅक्सॉ पान घालून बोल्ट दोन्हीकडून कापावा लागतो, त्यासाठी चांगली दोन-तीन पानं आणून ठेवा, रविवारी संध्याकाळी हार्डवेअरचं दुकान उघडं मिळत नाही.

अडलेलं सुटायला गरम करायची वेळ येईल असं धरूनच चाला. गॅस टॉर्च आणलात तर पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी काढून लांब ठेवा, स्प्रे मारलेला भाग पुसून कोरडा करा, बाजूला पाण्याची बादली आणि ओला गोणपाट. रबरी बुश असतील तर ते जाळून काढू नका, घाण धूर होतो आणि चिमट्याचा रंगही जातो. ड्रिलने रबर पोखरून आतली नळी काढा, मग बाहेरचं कवच हॅक्सॉ पानाने आतून हळू चिरून आत दुमडा, मात्र पान कवच संपलं की थांबलं पाहिजे, चिमट्याच्या नळीत खाच पडता कामा नये.

पार्टच्या बाबतीत आधी तुमच्या गाडीत काय आहे ते नक्की करा. हिरो होंडाच्या जुन्या शंभर सीसी गाड्यांत रबरी बुश, काही गाड्यांत नायलॉन किंवा गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे), आणि मोनोशॉकवाल्या (मागे एकच शॉकॉब्सर असलेल्या) बऱ्याच गाड्यांत नीडल बेअरिंग, म्हणजे सुईसारख्या बारीक रोलरचं. गनमेटलचे असतील तर लेथवाल्या काकांना आधीच सांगून ठेवा, कारण बुश दाबून बसवला की आतलं भोक किंचित आवळतं आणि ते मापात आणायला रीमर फिरवावा लागतो. नीडल बेअरिंग असेल तर जुनं काढायच्या आधी ते काठापासून किती आत बसलंय ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, नंतर ते माप सहज मिळत नाही. चाक खोलतोच आहोत तर चाकाचे बेअरिंगही आणा, जुन्यावरचा नंबर वाचून, जसं 6301 म्हणजे आतलं भोक 12 मिमी, बाहेरून 37, जाडी 12. नंबरच्या पुढे टू आरएस असलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं घ्या, डबल झेडचं पत्र्याचं झाकण खाऱ्या पाण्याला तेवढं अडवत नाही. धुळीचे सील आणि कॉटर पिन पण नव्या. गावात मिळेलच असं नाही, कोल्हापूर किंवा मुंबईहून मागवायचं तर आठवडाभर आधी फोन, आणि सगळं हातात आल्याशिवाय एक नट सुद्धा सैल करू नका.

बुश बसवायला हातोडी वापरू नका. 12 मिमीचा आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर, बुशच्या बाहेरच्या कडेएवढा एक सॉकेट आणि पलीकडून टेकवायला त्याहून मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा, एवढ्यात घरचा प्रेस तयार होतो. पान्याने नट आवळत गेलं की बुश सरळ सरकत जातो, आणि तिरका जायला लागला तर लगेच हाताला कळतं. बाकी रिंग पाने, लांब दांड्याचा सॉकेट, पितळी रॉड, पॉलिश पेपर, धुवायला थोडं डिझेल, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना) मिळाला तर उत्तम.

जागा पडवीतली चांगली, पण गाडी भिंतीला चिकटून लावू नका, बोल्ट ज्या बाजूने निघतो तिथे बोल्टची लांबी, अधिक रॉड, अधिक हातोडी फिरवायची जागा लागते. सायलेन्सर किंवा फुटरेस्ट आड येतोय का तेही बघा. ठोकताना गाडी स्टँडवरून पडू शकते, म्हणून पुढचं चाक खांबाला दोरीने आवळा आणि इंजिनखाली लाकडाचा ओंडका द्या. खोलायच्या आधी गाडी गोड्या पाण्याने धुवून वाळवा, आणि वॉशरचा क्रम, ब्रेक रॉड, चेन अॅडजस्टरच्या खुणा, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा.

ग्रीस पाण्यात न धुपणारं घ्या, बंदरावर लाँचवाले वापरतात ते कॅल्शियम ग्रीस इथे छान चालतं, चिमट्याला काही इंजिनसारखी उष्णता लागत नाही. नीडल आणि गनमेटलला भरपूर, रबरी बुशच्या रबराला अजिबात नाही, पण नव्या बोल्टला आणि आतल्या नळीला मात्र पूर्ण लांबीभर पातळ थर द्या, पुढच्या वेळी बोल्ट हाताने निघेल. आणि रबरी बुशवाल्यांनो, शेवटचा नट चाक जमिनीवर टेकवून, गाडीवर कुणालातरी बसवून आवळायचा, चिमटा लोंबकळत असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणजे त्या वेळेला घरातलं एक माणूस मोकळं हवं, तेही आधी सांगून ठेवा.

आदल्या रात्री नवी बेअरिंगं पाकिटासकट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमधे टाका, थंड झाली की किंचित आकसतात आणि सोपी बसतात. पिशवी बसवायच्या क्षणीच उघडायची, आपल्या हवेत मिनिटाभरात त्यावर पाणी धरतं.