दूरचं रेडिओ केंद्र रेकॉर्ड करताय? मग मोबाइल स्पीकरपासून लांब ठेवा

‘मोबाइल रेडिओच्या स्पीकरसमोर धरा आणि रेकॉर्ड दाबा’ हा सल्ला देणाऱ्याला बहुधा शेजारी नसावेत. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आखातातलं एक अरबी केंद्र छान लागलंय, आणि निवेदक केंद्राचं नाव घेतो नेमक्या त्याच क्षणी बाजूच्या काकूंच्या कुकरची शिट्टी. नावच गेलं म्हटल्यावर केंद्र ऐकल्याचा पुरावा म्हणून त्या फाइलला काय अर्थ?

रेडिओ बॅटरीवर घ्या आणि खिडकीशी नाहीतर गच्चीवर बसा. मीडियम वेव्हवर रेडिओच गोल फिरवून आवाज कुठे स्वच्छ येतो ते बघा. मे-जूनमध्ये मीडियम वेव्हचा नाद सोडा, विजांच्या कडकडाटाशिवाय काही हाती लागत नाही.

आवाज वायरीनेच घ्यायचा. रेडिओला लाइन-आउट असेल तर तिथूनच, कारण तिथला आवाज व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून नसतो. नसेल तर हेडफोनच्या भोकातून, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून. रेकॉर्डरला फक्त माइकचं भोक असेल तर सरळ वायर खुपसू नका, आवाज फाटतो. वाटेत १० किलोओहमचा एक रेझिस्टर टाका आणि त्याच्या पुढे १ किलोओहमचा आडवा, म्हणजे आतल्या तारेपासून वायरीच्या बाहेरच्या जाळीला, लावा; व्होल्टेज अकरावा हिस्सा होतं.

खरा घोळ यापुढे आहे. केंद्र स्वच्छ ऐकू येत असतं, वायर लॅपटॉपला जोडली की नुसती घरघर, केंद्र गायब. मी दोन महिने वायरी बदलत बसलो. एका दुकानदाराने सोन्याचा मुलामा दिलेली पिनही गळ्यात मारली. दोष पिनेत नव्हताच. लॅपटॉपच्या चार्जरमधलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं, आणि तो गोंगाट वायरीच्या जाळीवरून रेडिओकडे येतो. एरवी रेडिओचा अँटेना एकटा ऐकत असतो. वायर लावली की लॅपटॉप, चार्जर आणि भिंतीतलं वायरिंग मिळून त्या अँटेनाचा दुसरा पाय होतो, आणि अख्ख्या बिल्डिंगचे एलईडी दिवे तुमच्या रेडिओत बोलायला लागतात.

तपासणी अशी करा. रेडिओ रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावा, हेडफोन कानात घाला. आधी वायर फक्त रेडिओला जोडा, दुसरं टोक मोकळं. ऐका. मग रेकॉर्डर जोडा, ऐका. शेवटी चार्जर. खरखर कुठल्या पायरीवर वाढली तिथे चोर आहे. माझ्याकडे दर वेळी तो चार्जरच निघाला, म्हणून आता लॅपटॉपही बॅटरीवरच, आणि शक्यतो लॅपटॉप नकोच; सेलवर चालणारा छोटा डिजिटल रेकॉर्डर त्याहून शंभर पटींनी बरा. पॉवर बँकेवरही विसंबू नका, तिच्या पोटातही तसलंच सर्किट असतं.

तरीही घरघर राहिली तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून फेराइटची मोठी रिंग आणा आणि वायरीचे सात-आठ वेढे त्यातून घ्या, रेडिओच्या टोकाशी. वायरीवर फेराइटची एक क्लिप अडकवली की काम झालं असं सांगणाऱ्यांनी मीडियम वेव्ह ऐकलेली नाही. तिथे एका फेऱ्याने काहीही होत नाही. घरघर नसून ५० हर्ट्झची संथ गुणगुण असेल, तर रेडिओ आणि रेकॉर्डर दोन्ही भिंतीच्या प्लगवर आहेत. एकाला बॅटरीवर काढा, नाहीतर मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका.

रेकॉर्डरची ऑटो लेव्हल बंद. केंद्र फेड झालं, म्हणजे मंदावलं, की ती खरखर वर उचलते. सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतपत लेव्हल ठेवा. आणि नंतर नॉइज रिडक्शन मारू नका! दुबळ्या केंद्राचे शब्दही त्यात धुऊन जातात. डब्ल्यूएव्हीमध्ये साठवा, २२.०५ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो पुरे, तासाला १६० एमबीच्या आत बसतं. पाठवायला हवी तर एमपी३ वेगळी करा.

सुरुवात कधी करायची? केंद्राचं नाव बहुतेक वेळा तासाच्या ठोक्याला येतं, पण तास त्यांचा. चीन, पाकिस्तान, अमिराती, ओमान यांचा तास आपल्या घड्याळात साडेला पडतो. श्रीलंकेचा आणि इराणचा आपल्याबरोबर, नेपाळचा पाऊणला. तीन मिनिटं आधी सुरू करा, पाच मिनिटं नंतर थांबवा. मस्कतचा सूर्य मुंबईनंतर साधारण तासाने मावळतो आणि मध्ये सगळा समुद्र आहे. थंडीत सात वाजल्यानंतर मीडियम वेव्हवर आखात आपल्याला शेजारीच.

एसडीआर डोंगलवाल्यांना, म्हणजे संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ वापरणाऱ्यांना, ही कसरत नको. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ हा अख्खा पट्टा एकदम भरून ठेवायचा आणि सवडीने ट्यून करत बसायचं. फक्त डिस्क बघा: सेकंदाला २० लाख सॅम्पल, प्रत्येकी १६ बिटचे दोन आकडे म्हटलं की तासाला २८.८ जीबी.

सुरू करण्याआधी १०००० किलोहर्ट्झवर चीनच्या बीपीएम केंद्राचे वेळेचे ठोके, मिनिटाचा लांब ठोका धरून, त्याच फाइलमध्ये घ्या, मग रेकॉर्डरचं घड्याळ चुकलं तरी सेकंद सापडतात. तारीख मात्र तुम्हालाच लिहायचीय. मी एकदा रात्री दीडच्या रेकॉर्डिंगवर कॅलेंडरवरची तारीख घातली. यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजले होते. सिनपो (सिग्नल कसा होता याचे पाच आकडे), कार्यक्रमाचा तपशील, सगळं नीट लिहून रिपोर्ट पाठवला, आणि ऐकल्याची पोच देणाऱ्या क्यूएसएल कार्डाऐवजी उत्तर आलं की त्या दिवशी त्या वेळी हा कार्यक्रम लागलाच नव्हता. आता रेडिओशेजारी एक जुनं एचएमटी असतं, साडेपाच तास मागे लावलेलं, आणि फाइलच्या नावात पहिल्यांदा यूटीसी तारीख, मग वेळ, मग फ्रिक्वेन्सी. केंद्राचं नाव खात्री झाल्यावरच.